गवती चहा : पात निवडण्यापासून कपापर्यंत

गवती चहा करताना बहुतेक घरांत एकच गोष्ट चुकते. पात उघड्या पातेल्यात टाकतात आणि चांगली दहा-पंधरा मिनिटं खळाखळा उकळत ठेवतात. घरभर घमघमाट सुटतो, जिन्यापर्यंत जातो, आणि कपात मात्र गवताच्या चवीचं पिवळसर पाणी येतं. जो वास हवेत गेला तो कपातून गेला. या वनस्पतीचा बराचसा गुण तिच्या पातीतल्या सुगंधी तेलात आहे आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. तेलाचा मोठा भाग, साधारण ६५ ते ८५ टक्के, सिट्राल नावाच्या द्रव्याचा असतो. लिंबाच्या सालीतही सिट्राल असतं, म्हणून पात चुरगाळली की लिंबाची आठवण होते. तेव्हा पात ऐन वेळी कापायची, गॅस बंद करून पाण्यात टाकायची आणि लगेच झाकण ठेवायचं. एवढं सांभाळलं तर पहिलाच कप चांगला होतो.

ज्यांच्या परसात गवती चहाचं बेट होतं त्यांना हे शिकवावं लागत नाही. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर हे बेट वाढायचं. माझ्या आजोळीही होतं, आणि चहा ठेवला की कुणीतरी पोर विळी घेऊन मागे धावायचं. पण आता ठाण्यात, घणसोलीत, खारघरला नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी गवती चहा फक्त टपरीवर प्यायलेला असतो. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे.

पात कुठे मिळते, कशी घ्यायची

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत, गावदेवीच्या भाजीबाजारात, स्टेशनबाहेर बसणाऱ्या भाजीवाल्यांकडे गवती चहा बारा महिने दिसतो. नवी मुंबईत प्रत्येक नोडच्या, म्हणजे उपनगराच्या, भाजी मार्केटमध्ये मिळतो. घरापुरत्या एका जुडीसाठी वाशीच्या घाऊक बाजारात जायचं काही कारण नाही. कोथिंबीर-पुदिना, आलं आणि कढीपत्ता जिथे मांडलेला असतो तिथेच शोधा. मराठी भाजीवालीकडे 'गवती चहा' किंवा 'चहाची पात' मागा, उत्तरेकडच्या भैयाकडे 'हरी चाय', आणि विक्रेता गुजराती असेल तर 'लीली चा' म्हटल्यावर लगेच कळतं. मॉलमध्ये लेमनग्रास म्हणून जे पांढरट जाड दांडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले असतात ते याच झाडाचे बुडखे. ते थाई सूपसाठी घेतात. चहाला चालतात, पण महाग पडतात आणि ठेचून घ्यावे लागतात. आपल्याला हवी ती वरची पात.

जुडी घेताना रबर सोडून बघा. पावसाळ्यात भाजी ताजी दिसावी म्हणून सारखं पाणी मारतात, आणि घट्ट बांधलेली जुडी आतून चिकट होते, तिला कुबट वास येतो. अशी जुडी धुऊनही सुधारत नाही. पातीची टोकं थोडी वाळलेली असली तर हरकत नाही, तेवढी कापून टाका. पण पातीवर तपकिरी-तांबूस लांबट डाग असतील आणि मागच्या बाजूने बोट फिरवल्यावर भुकटी लागत असेल तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. तसली पात नको. खरी परीक्षा नाकाची : एक पात मधोमध मोडा, बोटांत चुरगाळा. वास झटकन आणि स्वच्छ यायला हवा. चोळून चोळून वास काढावा लागत असेल तर पात शिळी आहे.

नर्सरीत एक घोटाळा होतो, तो लक्षात ठेवा. 'मच्छर पळवणारं झाड' म्हणून जे गवत विकतात ते सिट्रोनेला. ते गवती चहाच्याच कुळातलं, लांबून अगदी तसंच दिसतं. पण त्याचे बुडखे बहुधा लालसर-जांभळट असतात, गवती चहाचे फिकट हिरवे ते पांढरट. आणि सिट्रोनेलाचा वास उग्र, साबणासारखा येतो. ते पिण्यासाठी नाही. शंका आली तर घेऊच नका.

येऊरला फिरायला गेल्यावर ओळखीचा वास आला म्हणून कुठलंही गवत उपटून आणू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातून झाडपाला काढून आणायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. शिवाय डोंगरावरच्या सुगंधी गवतांत कुठलं कोणतं हे सांगायला जाणता माणूस लागतो.

धुणं

हा टप्पा उरकून टाकायचा नाही. रुळांलगतच्या पट्ट्यात पालेभाजी कशी आणि कुठल्या पाण्यावर पिकते हे लोकलच्या दारातून आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या हातातली जुडी कुठून आली हे विचारून कळत नाही, तेव्हा ती स्वच्छ नाही असंच धरून चाला. जुडी सोडून पाती वेगळ्या करा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग वाहत्या नळाखाली एकेक पात धुवा.

धुताना हात जपा. पातीच्या कडेला बारीक दाते असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे वळलेली असतात. बुडाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर पात गुळगुळीत लागते. टोकाकडून बुडाकडे ओढलं की ब्लेडसारखी कापते, आणि कापल्याचं कळतं ते नंतर लिंबू पिळताना. म्हणून पातीचं बूड डाव्या हातात धरायचं आणि उजव्या हाताची चिमूट खालून वर, टोकाच्या दिशेने न्यायची. लहान मुलांना हे काम देऊ नका.

बिनदुधाचा चहा

सुरुवात याच चहापासून करा. दूध, साखर आणि चहा पावडर मधे आली की पातीची मूळ चव कळत नाही, आणि आपली जुडी किती कडक आहे याचाही अंदाज येत नाही.

दोन कपांसाठी दोन कप पाणी आणि हातभर लांबीच्या चार-पाच पाती. पाणी पातेल्यात उकळायला ठेवा. त्या वेळी पाती नुसत्या धुऊन बाजूला असू द्या, कापू नका. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा. आता पाती एकत्र धरून पातेल्यावरच कात्रीने बोटाच्या पेरापेराएवढे तुकडे करत सरळ पाण्यात पाडा. पाटावर कापून मग ताटातून ओतण्यापेक्षा हे बरं, कारण कापल्या क्षणी सुटणारा वास पाण्यातच जातो. लगेच घट्ट बसणारं झाकण ठेवा. झाकण नसेल तर जड ताटली. पाच मिनिटांनी सौम्य चहा तयार होतो, दहा मिनिटांनी चांगला कडक. पंधरा मिनिटांच्या पुढे ठेवू नका. मग लिंबाचा वास मागे पडतो आणि ओल्या गवताची चव पुढे येते.

झाकण उचलाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. ते सिंकमध्ये झटकायचे नाहीत. झाकण तिरकं धरून थेंब पातेल्यात ओघळू द्या. नाकाजवळ नेऊन बघा, चहापेक्षा त्या थेंबांना जास्त वास असतो. मग गाळा.

रंग पाहून बरेच जण गोंधळतात. गवती चहाचा रंग फिक्का येतो, हिरवट-पिवळा, कपाचा तळ दिसेल इतका. 'अजून उतरला नाही वाटतं' म्हणून पुन्हा गॅसवर चढवला की सगळी मेहनत वाया. रंगाची वाट पाहू नका, घड्याळ बघा.

कात्री न वापरता तीन-चार पाती एकत्र घेऊन त्यांची गाठ मारायची आणि ती गाठ पाण्यात सोडायची, ही जुनी पद्धतही चांगली आहे. गाठ चमच्याने उचलून काढता येते, गाळणीत काड्या अडकत नाहीत. फक्त कापलेल्या कडा कमी असल्याने वास हळू उतरतो, तेव्हा गाठ आधी हाताने जरा पिळून घ्या आणि मुरायला पूर्ण दहा मिनिटं द्या.

काय उकळायचं, काय नाही

'काढा' म्हटलं की सगळं एका पातेल्यात घालून आटवायचं, अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. आयुर्वेदात वनस्पतीचा अर्क काढण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. त्यातला क्वाथ म्हणजे आपला काढा, उकळून आटवलेला. फांट म्हणजे गरम पाण्यात भिजवून, मुरवून गाळलेला. साल, मूळ, खोड या कठीण गोष्टींना उकळावं लागतं. नाजूक, सुगंधी पानाफुलांना फांट मानवतो. गवती चहा फांटाच्या बाजूचा आहे.

व्यवहारात याचा उपयोग असा : आलं, दालचिनी, मिरी घालायची असेल तर ती थंड पाण्यातच टाका आणि चार-पाच मिनिटं उकळू द्या. गॅस बंद केल्यावर गवती चहा घाला, तुळस किंवा पुदिना घालायचा तर तोही तेव्हाच. दोन कपांना पेरभर आलं ठेचून, दोन मिरी आणि तुळशीची चार-पाच पानं पुरेत. यापेक्षा जास्त भर मला पटत नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सुचवलं होतं. घरोघरी तो पाण्यासारखा प्यायला गेला, आणि छातीत जळजळ, तोंड येणं अशा तक्रारी वाढल्या. मसाले उष्ण आहेत. गवती चहा त्यांच्या खाली दबून जातो हे वेगळंच.

दुधाचा चहा

रोज सकाळी बहुतेकांना हाच हवा असतो, आणि त्यात काही वाईट नाही. इथे एक तडजोड करावी लागते, कारण चहा पावडर आणि दूध उकळल्याशिवाय आपला चहा होत नाही. पाण्यात ठेचलेलं आलं आणि साखर घालून उकळा, चहा पावडर घाला, मग दूध. एक उकळी आली की गॅस बंद करून पात कापून टाका आणि तीन-चार मिनिटं झाकून ठेवा. पात सुरुवातीपासून उकळणाऱ्यांनी एकदा असा करून बघावा.

'लिंबाचा वास आहे, मग दूध फाटणार नाही का?' असं नवखे विचारतात. नाही फाटत, कारण पातीत लिंबाचा वास आहे, आंबटपणा नाही. चहा फाटला तर दोष बहुधा दुसऱ्या दोघांपैकी एकाचा असतो. एक कच्चं आलं : त्यात दूध फाडणारं विकर (एन्झाइम) असतं, ते पाण्यात नीट उकळल्यावर निष्प्रभ होतं, म्हणून आलं दुधाच्या आधी उकळायचं. दुसरा गूळ. गुळाचा चहा हवा असेल तर गूळ शेवटी, गॅस बंद केल्यावर, किंवा सरळ कपात घाला. गूळ घालून पुन्हा उकळी आणू नका.

गवती चहाच्या तेलाच्या छोट्या बाटल्या मिळतात. ते तेल चहात थेंबभरही टाकायचं नाही. पातीत जे अगदी थोडं असतं ते तिथे कितीतरी पटींनी एकवटलेलं असतं, आणि त्या बाटल्या बहुतेक वेळा वासासाठी किंवा अंगाला लावायला बनवलेल्या असतात.

किती प्यायचा, कुणी थांबायचं

धडधाकट माणसाने दिवसाला एक-दोन कप. सर्दीत गरम वाफेने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, घसा शेकला जातो, जड जेवणानंतर पोट हलकं वाटतं, थोडा घाम येतो. परंपरेने याच गोष्टींसाठी तो दिला गेला. चहा पावडर न घातलेल्या गवती चहात कॅफीन नसतं, त्यामुळे रात्री जेवणानंतरही चालतो. प्रयोगशाळेत सिट्रालचे जंतूंवर परिणाम दिसले आहेत. पण काचेच्या बशीत जंतू मरणं आणि कपभर चहाने माणसाचा आजार बरा होणं यात फार अंतर आहे. त्यामुळे वजन उतरतं, कॅन्सर बरा होतो असले फॉरवर्ड आले की पुढे पाठवू नका.

गर्भवतींनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याचा रोजचा नेम धरू नये. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तेही आधी विचारा. लोहाच्या गोळ्या चहा पावडर घातलेल्या कुठल्याच चहाबरोबर घेऊ नका. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला हा चहाही नको आणि त्यात मध तर मुळीच नको. प्यायल्यावर अंगावर पुरळ आलं, खाज सुटली तर थांबा.

आणि गवती चहा मानवला म्हणून त्याच हिशोबाने दुसरी कुठलीही वनस्पती रोज प्यायला घेऊ नका. गुळवेलीचंच बघा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. वाद काहीही असो, घरच्या माणसाने त्यातून घ्यायचं ते हे की जाणत्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने काढे घेऊ नयेत.

ताप आला असेल तर

हे मला कळकळीने सांगायचंय. जून ते ऑक्टोबरात ठाणे-नवी मुंबईत ताप येणं म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या पाण्यातून होणारा आजार) यांपैकी काहीही असू शकतं. गवती चहा घेऊन घाम आला, अंग गार पडलं, म्हणजे ताप गेला असं समजू नका; मलेरियाचा ताप तसाही घाम येऊन उतरतो आणि परत चढतो. रक्त तपासून घ्या. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मलेरियाची तपासणी मोफत होते. डेंग्यूत तर ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, फार ग्लानी, यातलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. रस्त्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आला असाल, विशेषतः पायाला जखम असताना, तर ताप यायची वाट न बघता २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टो टाळायची गोळी त्या मुदतीतच घ्यायची असते. हे सगळं करत असताना गवती चहा खुशाल प्या. पोटात पाणी जाईल आणि तोंडाला चव येईल.

उरलेली पात

ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आठवडाभर बरी राहते. पावसाळ्यात वाळवायच्या फंदात पडू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते. त्यापेक्षा तुकडे करून, पाणी पूर्ण निथळवून, फ्रीझरमध्ये पिशवीत ठेवा आणि लागतील तसे थेट गरम पाण्यात टाका. हिवाळ्यात मात्र सावलीत, पंख्याखाली चार-पाच दिवसांत छान वाळते. उन्हात वाळवली तर वास जातो.

कुंडीतलं बेट

ताज्या पातीची सर विकतच्या जुडीला येत नाही, आणि हे झाड इतकं सोशिक आहे की पहिलंवहिलं झाड म्हणून यापेक्षा चांगलं सुचवता येणार नाही. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत रोप मिळतं. कुणाच्या परसातला एखादा फुटवा मिळाला तर उत्तमच. मॉलमधला दांडा, बुडाशी थोडं मूळ शिल्लक असेल तर, पेलाभर पाण्यात ठेवून दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. पाणी मात्र एक दिवसाआड बदला. भाजीवालीच्या जुडीतली पात लावून काही होत नाही, तिला बुडखाच नसतो.

कुंडी बाराएक इंच रुंदीची, खाली भोकं मोकळी. माती, शेणखत आणि थोडी वाळू. ऊन निदान पाच-सहा तास हवं, हे महत्त्वाचं; सावलीत झाड जगतं, पण पात लांबट, मऊ होते आणि वास धरत नाही. तेव्हा घरातली जास्त उन्हाची खिडकी याला द्या आणि कुंडी ग्रिलच्या आतच ठेवा, बाहेरच्या कठड्यावर नको. उन्हाळ्यात रोज पाणी, पावसात थेट सरी येत असतील तर अजिबात नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू दिलंत तर त्यात डासांची अंडी होतात आणि वर सांगितलेला डेंग्यू आपल्याच बाल्कनीत जन्माला येतो.

पहिली पात तीन-चार महिन्यांनी कापा, कुंडीच्या मातीपासून चार बोटं वर, आणि बाहेरच्या जुन्या पाती आधी. मधला कोवळा गाभा कापला तर बेट रुसतं. दोन-तीन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च भरते, पात बारीक यायला लागते. मग जूनच्या पहिल्या पावसात बेट काढून फुटवे वेगळे करा. प्रत्येकाला थोडं मूळ यायला हवं. दोन-तीन फुटवे नव्या मातीत लावा आणि बाकीचे मजल्यावर वाटा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले तर दोन दिवस आरामात टिकतात. फक्त देण्याआधी वरची पात वीतभर ठेवून छाटून टाका, नाहीतर मुळं धरायच्या आत पातीतूनच सगळं पाणी उडून जातं.